आरोपी हजर आहे

कोर्टाचा कारकून नावं पुकारतो. पहिलं नाव लूस मारिया नानानीना. ती म्हणते, इथंच आहे, रोजच्यासारखी. दुसरं नाव रुदेसिंदो काल्देइरो इ एस्कोबीन्या. तो नुसतं 'हजर' म्हणतो, पण तेवढ्या शब्दातही स्पेनहून आलेल्या गृहस्थाचा ताठा ऐकू येतो. तिसरं नाव होसे कान्देलारियो त्रेस पातिनेस. उत्तर येतं, "आ ला रेहा!" म्हणजे, गजाआड! खटला अजून सुरू व्हायचाय, गुन्हा काय ते कुणी उच्चारलेलंही नाही, आणि आरोपीनं आपली जागा स्वतःच सांगून टाकली. तीसुद्धा खाणावळीत नेहमीचं टेबल मागावं तितक्या खुशीत. पुढचा सगळा माणूस या एका आरोळीत येऊन बसला आहे.

हा आवाज लिओपोल्दो फर्नांदेसचा. १९०४ साली जन्मलेला हा क्यूबन नट रंगभूमी, रेडिओ, सिनेमा, दूरदर्शन अशा सगळ्या वाटा चालला. पण तो लोकांच्या मनात राहिला तो १९४२ साली हवानाच्या रेडिओवर सुरू झालेल्या 'ला त्रेमेंदा कोर्ते' या मालिकेतला कायमचा आरोपी म्हणून. फिर्यादी बहुधा नानानीना किंवा रुदेसिंदो, कधी दोघंही. प्रत्येक खटल्याचं नाव म्हणजे हरवलेल्या किंवा लुबाडलेल्या एखाद्या वस्तूला 'मनुष्यवध' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाचं शेपूट जोडून केलेला नवा गुन्हा. एवढ्यातेवढ्या वस्तूला खुनाचा दर्जा मिळाला, की ऐकणाऱ्याचा कान आपोआप तयार होतो.

संहिता कास्तोर विस्पोची. तो स्वतः गॅलिसियातून क्यूबात आलेला, आणि मालिकेत ज्याची सर्वाधिक फजिती होते तो रुदेसिंदोही गॅलिसियनच. हवानाच्या 'बुफो' नाटकांत एकोणिसाव्या शतकापासून गॅलिसियन स्थलांतरित, मिश्रवंशीय बाई आणि तोंडाला काळं फासून गोऱ्या नटानं उभा केलेला कृष्णवर्णीय लबाड या ठरावीक पात्रांची सांगड चालत आली होती. विस्पोनं तो साचा कोर्टात आणून बसवला. आदोल्फो ओतेरोचा रुदेसिंदो हेल काढून बोलतो, चिडतो, फसतो, पण त्याच्या फिर्यादीतलं दुःख खरं वाटतं. स्वतःच्या मुलखाची थट्टा स्वतः लिहिली, की तिच्यात तुच्छता उरत नाही. फर्नांदेसच्या वाट्याला लबाड आला, आणि त्यानं तो निव्वळ आवाजावर पेलला. रेडिओवर रंग फासायची सोय नाही. उरतो तो फक्त हवानाच्या गल्लीतल्या माणसाचा चलाखपणा, शब्दाअखेरचे 'स' गिळणाऱ्या बोलीतला.

आता त्याचं मध्येच बोलणं ऐका, कारण या मालिकेतली खरी कलाकुसर तिथं आहे. फिर्यादी जबानी देतोय. वाक्य लांब आहे, क्रियापदाकडे निघालं आहे, आणि श्वास घ्यायला तो जिथं थांबणार नेमकं तिथं त्रेस पातिनेसचे दोनच शब्द पडतात. अर्धा क्षण आधी पडले असते तर गोंधळ झाला असता, नंतर पडले असते तर नुसता शेरा. न्यायाधीश ओरडतो, दंड ठोकतो. आरोपी दंड ऐकून घेतो, गप्प बसतो. ही शांतता मला त्या दोन शब्दांहूनही जास्त आवडते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा सुधारला. फिर्यादीलाही तसंच वाटतं, तो धीर करून पुन्हा वाक्य उचलतो, आणि पुढचा श्वास घेतो. एवढं अचूक कालभान तबल्यावर ऐकलं तर आपण मान डोलावतो.

बचावाची रीतही बघण्यासारखी. तो आरोप सरळ नाकारण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. न्यायाधीशानं वापरलेला भारदस्त शब्द तो मोडक्या रूपात परत करतो. न्यायाधीश शब्द दुरुस्त करतो. आरोपी दुरुस्तीचीही नवी मोडतोड करतो. पाहता पाहता दोघं शब्दांच्या चर्चेत रंगून जातात आणि लुबाडलेली वस्तू बाजूला पडते. त्यातच फर्नांदेसचं लाडकं "कोसा मास ग्रांदे" येतं, म्हणजे जगात काय काय ऐकावं लागतं! या उद्गाराला त्यानं दिलेला सूर दुखावलेल्या सज्जनाचा आहे. फसवलं त्यानंच, आणि जगाच्या वागण्यानं व्यथितही तोच. हे ढोंग तो इतक्या निष्ठेनं करतो, की ते ढोंग वाटत नाही.

आनीबाल दे मारच्या न्यायाधीशाशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं. चान ली पो हा चिनी गुप्तहेर रेडिओवर गाजवून, १९३७ साली 'ला सेर्पिएंते रोहा' या क्यूबाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या बोलपटात तोच साकारलेला हा नट. इथं तो हशा मागत नाही. त्याचा संताप अस्सल आहे, एकेक पायरी चढत जाणारा, आणि म्हणून आरोपीला त्यावर चढायला जागा मिळते. हीच जोडी पुढं 'पोतोतो आणि फिलोमेनो' म्हणून रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकांत गायलीसुद्धा. मिमी कालची नानानीना ऐकताना ती काही काळ फर्नांदेसची पत्नी होती हे ठाऊक असलेलं बरं. तिच्या तक्रारीत जो सराईत वैताग आहे, तो अभिनयानं कमावलेला असला तरी घरचा वाटतो.

शेवटी निकाल, तोही यमक जुळवून. इतका वेळ चिडलेला माणूस अचानक कवी होतो, हा विस्पोचा झकास डाव. आणि निकाल बहुधा आरोपीच्या विरुद्धच. इथं लेखकाचा संयम दिसतो: त्रेस पातिनेस सरसकट सुटू लागला असता, तर त्याची लबाडी आपल्याला खुपली असती.

क्रांतीनंतर फर्नांदेसनं क्यूबा सोडला. रेडिओवरची मालिका १९६१पर्यंत चालली. साठच्या दशकातच मेक्सिकोतल्या मोंतेरेइ शहरात तिची दूरचित्रवाणी आवृत्ती चित्रित झाली. तिचे चाहते पुष्कळ आहेत. मला ती उणी वाटते. कॅमेरा आला की कोर्टाला भिंती येतात, आरोपीला ठरावीक कपडे येतात, आणि जो आवाज कुठूनही टपकू शकत होता तो कुठून येणार हे आधीच कळतं. फर्नांदेस १९८५ साली मायामीत वारला. लॅटिन अमेरिकेतली रेडिओ केंद्रं जुने भाग पुन्हा पुन्हा लावत राहिली. ज्याला स्पॅनिश येत नाही त्यानंही एक भाग मिळवून ऐकावा. अर्थ लागणार नाही, पण पाच मिनिटांत कोण फसलंय, कोण फसवतोय आणि पुढचे दोन शब्द केव्हा पडणार आहेत, एवढं बिनचूक कळेल.