कादंबरीचा पल्ला

कादंबरी किती लांब असावी, या प्रश्नाचा निवाडा आपल्याकडे बहुधा प्रकाशकाच्या पेढीवर होतो, आणि समीक्षक मात्र त्याकडे अशा उदासीनतेने पाहतात की जणू पृष्ठसंख्या ही केवळ कागदाची व बांधणीची बाब आहे, कलेच्या दप्तरी तिची नोंद होण्याचे काही कारण नाही. मला हे मान्य नाही. कोणत्या कादंबरीने वाचकाला आपल्याजवळ किती काळ ठेवून घ्यावे, हा तिच्या आशयाचाच प्रश्न आहे.

मराठीत मात्र ही मुदत प्रारंभापासून बाहेरूनच मुक्रर होत आली. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ मासिकातून हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढल्यावर दर आठवड्याला मजकूर देण्याची जबाबदारी स्वतःवरच घेतली. अशा वहिवाटीत पसरटपणा येणे अगदी स्वाभाविक होते, आणि हरिभाऊंच्या कित्येक कादंबऱ्यांत तो आला आहे. काही तर अपूर्णच राहिल्या. परंतु त्याच साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत त्या संथपणाचेच सामर्थ्य झाले. यमूचे माहेर, तिचे सासर, पतीच्या सहवासात हळूहळू उमलणारे तिचे मन, नव्या बिऱ्हाडातील अल्पकाळचे सुख, हे सर्व तिच्याच तोंडून, घरगुती तपशिलांसह, इतक्या सावकाश ऐकावे लागते की तिच्या वैधव्याचा आणि सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा तो आपल्या घरात घडलेला असतो. हीच हकीकत शंभर पानांत सांगितली असती, तर सुधारणेच्या बाजूची एक प्रभावी कैफियत तयार झाली असती, यमू तयार झाली नसती.

याच्या अगदी उलट न्यायाने विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ लहान आहे, आणि ती लहान आहे म्हणूनच मोठी आहे. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत युरोपातून परतणारा चक्रधर आणि मायभूमीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा एका बोटीवर भेटतात. बोट मुंबईच्या धक्क्याला लागेपर्यंतच त्यांना अवधी आहे, आणि ही गोष्ट दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे. येथे विस्तार हा विश्वासघात ठरला असता. त्यांच्या पूर्वायुष्याची सविस्तर हकीकत, युरोपच्या राजकारणाचे सांगोपांग विवेचन, हे सर्व बेडेकरांना सहज साधले असते; त्यांनी ते अपुरे ठेवले, कारण अपुरेपणा हाच त्या दोन जिवांचा अनुभव होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही (१९५५) मास्तर येतो, वाडी बसलेली पाहतो आणि दुष्काळात उठलेलीही पाहतो, त्याहून अधिक एक प्रकरणही त्या माळरानाला सोसले नसते.

मग श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ला (१९८७) दोन खंड का लागावेत? जगबुडीच्या काठच्या खोत घराण्यात पिढीमागून पिढी येते, वैभव चढते आणि उतरते, आणि आधीच्या माणसाचा लोभ वा औदार्य नंतरच्याच्या वाट्याला ऋण म्हणून येते. हे ऋण जाणवायचे तर वाचकालाही मागचा माणूस थोडा विसरावा लागतो आणि पुढे अवचित आठवावा लागतो. ही विस्मृती निर्माण करण्याचे साधन लेखकापाशी पृष्ठांखेरीज दुसरे नाही.

माझी तक्रार आहे ती ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीविषयी. ‘स्वामी’च्या (१९६२) यशानंतर या प्रांतात भव्यता आणि जाडी यांतील तफावतच जणू पुसली गेली. चरित्रनायकाचे आयुष्य जितके लांब तितकी कादंबरी लांब, आणि अभ्यासात जे जे कागद हाती लागले ते ते सर्व रुजू करायचे, असा संकेत बसला. निवड करणे हे लेखकाचे पहिले कर्तव्य, तेच यात लोपले. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) सहा जणांच्या मुखांतून कथा सांगण्याची योजना मूलतः उत्तम आहे, कारण त्यामुळे एकच प्रसंग सहा मनांत सहा रूपे धारण करू शकतो, पण कर्ण, कुंती, दुर्योधन यांची वाणी जवळजवळ एकाच अलंकृत लयीत वाहत असल्यामुळे दृष्टी बदलल्याचा प्रत्यय क्षीण होतो आणि विस्तार मात्र शिल्लक राहतो. दुसऱ्या टोकाला दिवाळी अंकातील ‘संपूर्ण कादंबरी’ आहे, जिच्यात पुष्कळदा एका कथेचेच सूत ओढून ओढून लांबविलेले असते. अंकाची पाने भरली की ती संपते, पात्रांचे काय झाले याची वास्तपुस्त न करता.

भालचंद्र नेमाड्यांनी दीर्घ कथनाचा कैवार आग्रहाने घेतला आणि लघुकथेला कमी लेखले. त्यांचे हे दुसरे मत मला पटत नाही, परंतु ‘हिंदू’ (२०१०) वाचताना पहिल्या मताचे मर्म कळते. मोहेंजोदडोच्या उत्खननात असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच मोरगावला निघतो. मार्ग तसा सरळ आहे, पण वाटेत पूर्वज, शेजारी, जाती, लोकगीते, भांडणे अशी सारी अडगळ त्याच्या मनातून बाहेर पडू लागते. काही ठिकाणी ती अनावर होते, एखादे प्रकरण गाळले असते तर बरे असेही वाटते. आणि तरीही, गाळायचे कोणते हे ठरवायला बसलो की त्यातला एखादा म्हातारा किंवा एखादी आत्या उठून उभी राहते, आणि हात आखडतो.