तृतीय भाषेचे अध्ययन आणि पूर्वभाषांची गणना

एका भाषेत कमावलेले वाचन-लेखनाचे कौशल्य, पुरेसा संपर्क व प्रेरणा लाभल्यास, दुसऱ्या भाषेत संक्रमित होते, असे जिम कमिन्स यांचा १९७९ मधील भाषिक परस्परावलंबनाचा सिद्धान्त सांगतो. मराठी माध्यमाचा विद्यार्थी पाचवीत हिंदी शिकू लागतो तेव्हा याचा प्रत्यय येतो. देवनागरी लिपी व पुष्कळसे शब्द त्याच्या परिचयाचे असतात. मात्र हे साम्य फसवेही ठरते. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीतील नपुंसकलिंगी ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते.

तथापि, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातील त्रिभाषा सूत्राला हा सिद्धान्त लावताना शाळेची प्रथम भाषा हीच घरची भाषा, असे गृहीत धरले जाते. गडचिरोलीतील गोंडीभाषक मुलाची घरची भाषा द्रविड कुळातील आहे. त्याच्या दृष्टीने मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी आणि शाळेची ‘तृतीय भाषा’ हिंदी ही चौथी ठरते. गोंडीतून लेखन-वाचनाची संधीच न मिळाल्यास संक्रमित व्हावे असे कौशल्य त्याने कोठून आणावे? अशा मुलाच्या हिंदीतील चुकांना बौद्धिक उणीव मानणे अन्यायाचे होय.

तृतीय भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मुलाची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न त्याआधीचा आहे.