शंभर किलोमीटरवरची रेघ

परभणी जिल्ह्यात विहीर खोदताना काळी माती संपली की मुरूम लागतो, पुढे काळा पाषाण. थर कुठे बदलला हे पहार सांगते. भूकंपलहरींनी हेरलेल्या खोल सीमा अशा हाताला लागत नाहीत. मराठी विज्ञानलेखनात मात्र त्या विहिरीतल्या थरांसारख्याच ठाम रेघेने काढल्या जातात.

‘नेचर’मध्ये २००७ साली प्रकाश कुमार आणि सहकाऱ्यांचा भारतीय भूपट्टाच्या वेगावरचा निबंध आला. गोंडवन सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी फुटल्यावर भारत एका काळात वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर धावला. का? लेखकांच्या मते त्याचे शिलावरण पातळ आहे: जेमतेम १०० किलोमीटर. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका येथे ते १८० ते ३०० भरते.

पद्धत देखणी आहे. दूरच्या भूकंपाची आडवी लहर खालून वर येताना शिलावरणाच्या तळाशी तिचा थोडा अंश उभ्या लहरीत बदलतो. उभी लहर वेगवान, म्हणून ती मूळ लहरीच्या आधी पोचते. मधल्या सेकंदांवरून खोली काढायची. चारही भूखंडांना एकच माप लावले, ही या निबंधाची खरी ताकद.

पण सेकंदांचे किलोमीटर करताना मधल्या खडकातला वेग गृहीत धरावा लागतो. शिवाय लहर सांगते ती एवढेच, की इथे वेग बदलला. तो उष्णतेने, वितळल्याने की खनिजे बदलल्याने, हे ती सांगत नाही. जुन्या भूखंडांत शिलावरणाच्या पोटातही अशी सीमा आढळते. मग १०० किलोमीटरवरची रेघ म्हणजे तळच, हे कशावरून? पृष्ठलहरींच्या काही अभ्यासांत तर भारताचे शिलावरण याहून जाड दिसते. गोंडवन फोडणाऱ्या उष्ण झोताने भारताचा खालचा भाग वितळवला असावा, असे लेखक म्हणतात. हा ‘असावा’ त्यांनी जपला आहे. उतरवून घेणारे तो गाळतात.

त्यातून आणखी एक घोटाळा होतो. आपल्या पायाखालचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निबंधातला झोत गोंडवन फुटतानाचा, म्हणजे त्याच्या दुपटीहून जुना. दोन्ही एकच समजले की गोष्ट छान जुळते, एवढेच. आणि मार्च २०२४ मध्ये परभणीलाही जाणवलेले हिंगोलीकडचे धक्के? ते वरच्या कवचातले. त्यांची भीती या रेघेला चिकटवण्याचे काही कारण नाही.