‘फॉर्म्युलेशन अँड इव्हॅल्युएशन’: प्रश्न नसलेला प्रबंध

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एम. फार्म.चा प्रबंध. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या शेवटी विद्यार्थी सोनेरी अक्षरांचं एक जाडजूड पुस्तक बाइंडिंग करून देतो ना, ते. समीक्षा आपण कादंबरीची करतो, नाटकाची करतो. प्रबंधाची कोणी करत नाही. त्याला मार्क मिळतात आणि तो कपाटात जातो. आज आपण तो एक लेखनप्रकार म्हणून वाचू या.

या क्षेत्राबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. बी. फार्म. चार वर्षांचं, एम. फार्म. दोन वर्षांचं. त्यातली पहिली दोन सत्रं वर्ग आणि प्रॅक्टिकलची, पुढची दोन मुख्यतः संशोधनाची. जीपॅट उत्तीर्ण होऊन आलेल्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. म्हणजे समाज या संशोधनावर पैसा खर्च करतोय आणि तरुण मुलं त्यात आपल्या उमेदीची वर्षं घालतायत. तेव्हा त्यातून काय निघतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सुरुवात शीर्षकापासून करू. फार्मास्युटिक्स शाखेचे प्रबंध बघा. ‘फॉर्म्युलेशन अँड इव्हॅल्युएशन ऑफ’ आणि पुढे अमुक औषधाच्या सस्टेन्ड रिलीज गोळ्या, तमुकचं जेल, अलीकडे नॅनो काहीतरी. ॲनालिसिस शाखेत ‘मेथड डेव्हलपमेंट अँड व्हॅलिडेशन’. या शीर्षकांत कृती आहे, प्रश्न नाही. ‘मी गोळी बनवली आणि तपासली.’ बरं, पण का? आधीच्या गोळीत काय खटकत होतं? ही गोळी फसली असती तर आपल्याला काय कळलं असतं? प्रस्तावनेत याचं उत्तर शोधायला जावं, तर तिथे औषधाची माहिती, पॉलिमरची माहिती, आणि ‘रुग्णाला दिवसातून कमी वेळा गोळी घ्यावी लागेल’ हे ठरलेलं वाक्य. ते वाक्य खोटं नाही. पण ते कुठल्याही औषधाला चिकटवता येतं, आणि जे कुठेही चिकटतं ते कारण नसतं.

आता आत जाऊ. बहुतेक अशा प्रबंधांत एक तक्ता असतोच, तो म्हणजे रिलीज कायनेटिक्सचा. गोळी डिसोल्यूशनच्या यंत्रात टाकतात, ३७ अंश तापमानाला तासातासाने नमुना काढतात, किती औषध बाहेर आलं ते मोजतात. मग हे आकडे पाच मॉडेलांत बसवतात: झिरो ऑर्डर, फर्स्ट ऑर्डर, हिगुची, हिक्सन-क्रॉवेल, कॉर्समेयर-पेपास. ज्याचा आर-स्क्वेअर सगळ्यात मोठा, ते मॉडेल विजेतं. शेवटी वाक्य येतं, ‘एनची किंमत ०.४५ ते ०.८९ च्या दरम्यान असल्यामुळे रिलीज नॉन-फिकियन आहे.’

इथे जरा थांबू या, कारण खरी गोम इथेच आहे. कॉर्समेयर-पेपासचं समीकरण वापरायचं ते साधारण पहिलं ६० टक्के औषध बाहेर येईपर्यंतच. समजा, बारा तासांच्या प्रयोगात पाचव्या तासालाच ६० टक्के औषध निघून गेलं. तर हातात बिंदू राहतात पाच. अनेक प्रबंधांत मात्र बाराच्या बारा बिंदूंतून रेघ ओढलेली दिसते. शिवाय ०.४५ आणि ०.८९ या सीमा दंडगोलाकार गोळीसाठी आहेत. गोलाकार कणांसाठी त्या वेगळ्या आहेत, पातळ फिल्मसाठी आणखी वेगळ्या. तरी मायक्रोस्फिअरच्या प्रबंधातही हेच दोन आकडे भेटतात. का? कारण हा तक्ता आधीच्या वर्षाच्या प्रबंधातून आलाय, त्याने तो त्याच्या आधीच्यातून घेतला. समीकरण उतरलं, अट मागेच राहिली.

दुसरं उदाहरण फॅक्टोरियल डिझाइनचं. दोन घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, म्हणून नऊ बॅचेस, एफ-१ ते एफ-९. सॉफ्टवेअर त्यातून सहा सहगुणकांचं समीकरण काढून देतं. आता नऊ आकडे आणि सहा सहगुणक म्हणजे मोकळे उरले तीन. अशा वेळी आर-स्क्वेअर ०.९९ आला, तर त्यात फार मोठेपणा नाही. खरी परीक्षा पुढे असते: समीकरणाने सांगितलेली नवी बॅच करून बघायची आणि भाकीत चुकतं का ते तपासायचं. प्रबंधात ही परीक्षा एका ओळीत उरकते.

आणि या लेखनप्रकाराची सगळ्यात मोठी उणीव? त्यात अपयशाला जागा नाही. एफ-१ च्या आधी किती बॅचेस वाया गेल्या? कुठली गोळी पंचला चिकटली, कुठल्या गोळीचं वरचं टोपण निघून आलं, कुठलं मिश्रण हॉपरमधून खाली उतरेना? विद्यार्थी खरं शिकला तो या बॅचेसमधून. ‘प्रिलिमिनरी ट्रायल्स’ या दोन शब्दांत ते सगळं पुरलं जातं. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेच पॉलिमर घेतो, तेवढंच घेतो आणि तसाच फसतो.

आता न्यायाने बोलायचं तर दोष विद्यार्थ्यांचा नाही. गाईडवरही सगळा भार टाकून चालणार नाही. फार्मसी कौन्सिलच्या एम. फार्म. अभ्यासक्रमात ‘रिसर्च मेथडॉलॉजी अँड बायोस्टॅटिस्टिक्स’ हा विषय येतो तिसऱ्या सत्रात. म्हणजे संशोधन सुरू करायचं त्याच वेळी प्रश्न कसा विचारायचा ते शिकायचं. आणि या विषयाला विद्यापीठाची परीक्षा नाही! उलट यंत्रांवरचा ‘मॉडर्न फार्मास्युटिकल ॲनालिटिकल टेक्निक्स’ हा विषय पहिल्याच सत्रात. यंत्र आधी, प्रश्न नंतर. वेळेचंही तेच. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेची स्टॅबिलिटी चाचणी सहा महिन्यांची असते. ती या वेळापत्रकात बसवायची कशी? मग एक-दोन महिन्यांत आटपतात आणि ‘गोळी स्थिर आहे’ असं लिहून मोकळे होतात.

कोणी म्हणेल, अहो, हा शिकाऊ प्रबंध आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लावून घ्यायला हवं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेला गँबियात सापडलेल्या भारतीय बनावटीच्या सिरपांबद्दल इशारा द्यावा लागला, आणि विष तेच. ते ओळखायला नवं विज्ञान लागत नाही, तपासणीच्या पद्धती उपलब्ध आहेत. लागतो तो माणूस, जो आलेला निकाल जसा आहे तसा वाचतो आणि नको असलेला आकडा आला तर पिंप अडवून धरतो. आपले एम. फार्म. झालेले विद्यार्थी उद्या क्वालिटी कंट्रोलच्या टेबलावर बसणार आहेत. तक्ता सुबक यायलाच हवा, ही सवय आपण त्यांना आधीच लावली, तर त्या टेबलावर ती अचानक सुटेल कशी?

मग करायचं काय? मोठी यंत्रं आल्याशिवाय काही होत नाही, हे मला मान्य नाही. एक साधा प्रश्न बघा. सस्टेन्ड रिलीजची मेटफॉर्मिनची गोळी मोठी असते, गिळायला त्रास होतो, म्हणून घरोघरी आजी-आजोबा ती मोडून घेतात. मोडल्यावर औषध किती वेगाने बाहेर येतं? वेगवेगळ्या ब्रँडमध्ये फरक पडतो का? याला डिसोल्यूशनचं यंत्र आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरे. उत्तर ‘फरक पडत नाही’ असं आलं तरी ते उत्तरच आहे, आणि दुकानात उभ्या असलेल्या फार्मासिस्टच्या ते कामाचं आहे.

नियम बदलायची वाटही बघायला नको. तिसऱ्या सत्रात प्रस्तावाचं सादरीकरण आहेच. तिथे एकच अट घालायची: शीर्षकाखाली एक वाक्य लिहा, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. आणि प्रबंधात एक प्रकरण वाढवायचं, फसलेल्या बॅचेसचं. परीक्षकाने व्हायवात पहिला प्रश्न त्याच प्रकरणावर विचारायचा. पोरं घाबरतील, पण बोलायला लागतील, कारण ते काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं असतं.

इथे थांबतो. तुमच्यात कोणी सध्या सिनॉप्सिस लिहीत असेल, तर त्या प्रश्नचिन्हापासूनच आपण चर्चा सुरू करू.