सोग्नच्या बोलीतील वीरगाथा : विंदिरचा ‘आर्नतोर’

नॉर्वेतील ‘विंदिर’चा ‘आर्नतोर’ (१९९९) हा अल्बम ब्लॅक मेटल व व्हायकिंग मेटल या दोन संगीतप्रकारांच्या सीमेवर उभा आहे. तो संकल्पनाबद्ध, म्हणजे एकाच सूत्रात सर्व गीते ओवलेला, मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात कितपत ग्राह्य धरावा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

सोग्नफ्योर्दच्या उत्तरेस सोग्नदाल हे खोरे आहे. ११८३ च्या नाताळात तेथील लोकांनी राजा स्वेर्रे याचा अंमलदार ईवार दार्रे यास ठार केले. पुढील वर्षी स्वेर्रेने येऊन ती वस्ती जाळली. आणि १५ जून ११८४ रोजी फिमरैते येथील आरमारी लढाईत त्याचा प्रतिस्पर्धी राजा माग्नुस एर्लिंगसोन मारला गेला. राजाविरुद्ध उठलेल्या सोग्नदालकरांचा पुढारी म्हणजे आर्नतोर. या काळाचे मुख्य साधन ‘स्वेर्रे-सागा’ होय. तिचा आरंभीचा भाग आइसलँडमधील मठाधिपती कार्ल योन्सोन याने लिहिला व काय लिहावे हे राजाने स्वतः जवळ बसून ठरविले, असे तिच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. पुढेही दृष्टी राजपक्षाचीच राहते. बखरींच्या अभ्यासकास याचे नवल वाटणार नाही. आठशे वर्षांनी त्याच खोऱ्यातील वाल्फार हा तरुण, ज्यांची घरे जळाली त्यांच्या बाजूने तो प्रसंग गाऊ लागतो. आणि गातो तो सोग्नच्या बोलीत. कृतीचे खरे मोल येथे आहे.

तथापि अल्बमची सात गीते म्हणजे सलग कथा नव्हे. उठावाशी थेट नाते शीर्षकगीताचे व ‘काम्पेन’चे, म्हणजे ‘लढाई’चे. ‘कोंग हिद्नेस हौग’ हे एका राजाच्या दफनटेकडीचे नाव, तर आणखी एका गीतात काळा लोहार आणि दलदलीतला राक्षस येतात. यांना आर्नतोरच्या चरित्रात स्थान नाही. आहे ते त्याच्या भूमीत. म्हणून येथील ऐक्य कथानकाचे नसून स्थळाचे आहे, असे आमचे मत आहे, आणि ते उणे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

खरी अडचण निराळी आहे. नॉर्वेजियन भाषेत स्वराघाताला अर्थ असतो. एकाच ध्वनिरूपाचे दोन शब्द केवळ सुरावरून वेगळे ओळखले जातात. ब्लॅक मेटलची कर्कश आरोळी नेमका हा सूर खाऊन टाकते. ज्या बोलीसाठी सारा खटाटोप, ती कागदावर वाचता येते. कानाला मात्र बहुतांशी पारखी राहते. मधूनमधून येणारे मोकळे गायन ही उणीव काही अंशी भरून काढते. परंतु बोलीचे काम खऱ्या अर्थाने गिटार करते. अतिद्रुत ढोलावर लोकनृत्याच्या वळणाची लांबच लांब धून गिटारवर एकसारखी कंपत राहते. ‘बिर्यिंग’ या आरंभीच्या गायनविरहित रचनेतच ही धून मनात ठसते, आणि शब्द न समजलेल्या श्रोत्यासही आपण कुठल्या तरी एका विशिष्ट गावी आलो आहोत असे वाटते. दहा मिनिटांच्या आसपास चालणारे ‘साक्नेत’ हे गीत या पद्धतीचे सर्वोत्तम उदाहरण होय. तेथे विरहाची भावना आरोळीपेक्षा धुनेच्या पुनरावृत्तीतून वाढत जाते.

‘व्हायकिंग’ या विशेषणाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. व्हायकिंग युगाची समाप्ती रूढ गणनेनुसार १०६६ मध्ये होते. ११८४ चा संग्राम हा दोन ख्रिस्ती राजांमधला, आणि माग्नुस तर चर्चने अभिषिक्त केलेला राजा. या संगीतप्रकाराभोवती जे चर्चविरोधी, मूर्तिपूजक वलय असते, ते आर्नतोरच्या पक्षावर बसत नाही. संगीतकाराने इतिहासाचा हा अवघडपणा टाळला, असा आक्षेप घेता येईल. दंतकथेतला राक्षस आणि दस्तऐवजातला राजा यांना त्याने एकाच पातळीवर बसविले आहे, हेही खरे.

पुढचा अल्बम २००१ साली निघाला, तो अधिक सदस्यांच्या पूर्ण वाद्यवृंदासह. त्याचे नावच ‘११८४’. वर्षाचा आकडा शीर्षकावर चढला खरा. पण गीतांची नावे पाहावीत तर ‘डिस्ट्रॉय’, ‘ब्लॅक न्यू एज’, ‘जर्नी टु द एंड’, आणि एक चक्क जर्मन.