सार्वजनिक वायफायचे नियम : दुकानदाराला मोकळीक, वाडीचं काय?

आजचा विषय परवान्यांचा आहे, म्हणजे रुक्ष वाटणार. म्हणून आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. डोंगरापलीकडची एक वाडी, चाळीसेक घरं. तालुक्याला फायबर आहे, वाडीत नाही. मंडळींनी वर्गणी काढली, तालुक्याच्या गावी एक जोडणी घेतली, शाळेच्या छतावर अँटेना बसवला आणि तेच इंटरनेट घरोघर वाटून घेतलं. नफा कुणालाच नाही. प्रश्न एवढाच, की हे कायद्यात बसतं का?

उत्तर दोन भागांत द्यावं लागतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला भाग लहरींचा. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005 साली परवानामुक्त झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा मोकळा झाला, आणि तोही घराबाहेर वापरण्यासाठी. म्हणजे ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहिलात, तर छतावरच्या त्या अँटेन्याला परवाना लागत नाही.

दुसरा भाग सेवेचा. लहरी मोकळ्या असल्या, तरी त्यांवरून दुसऱ्याला इंटरनेट पुरवणं मोकळं नाही. 1885 च्या तार कायद्याने हा अधिकार सरकारकडे ठेवला, आणि तो परवान्यानेच मिळायचा. इंटरनेट सेवेच्या परवान्याचे वर्ग तीन : अ म्हणजे देशभर, ब म्हणजे साधारण एक राज्य, क म्हणजे साधारण एक जिल्हा. आता बघा, सगळ्यात लहान परवानासुद्धा जिल्ह्याएवढा. वाडी हे माप त्या फूटपट्टीवर नाहीच!

सरकारची धास्ती अगदीच पोकळ होती असंही नाही. जुलै 2008 मधल्या अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर 2009 मध्ये वायफाय सुरक्षित ठेवण्याचे, वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम आले. कोण वापरतंय हे कळायला हवं, ही अपेक्षा रास्तच आहे.

मग 9 डिसेंबर 2020 ला मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिचं कौतुक आधी करतो, कारण ते तिला द्यायलाच हवं. पूर्वीचा एसटीडी-पीसीओ बूथ आठवा. तसंच इथे चहावाला किंवा किराणा दुकानदार वायफाय विकू शकतो. त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं हे काम त्याच्या वरच्या पायरीवरच्या संकलकाचं, आणि त्याला फक्त नोंदणी करावी लागते. सुरक्षेचं ओझं दुकानदाराच्या डोक्यावरून उतरवलं, ही खरी हुशारी.

पण घोडं अडलं. 2018 च्या दूरसंचार धोरणात 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. 2024 साली पीएम-वाणीचे हॉटस्पॉट काही लाखांतच होते. एक कारण सरळ पैशाचं. दुकानदाराला घरगुती जोडणी पुढे विकता येईना, आणि कंपन्या भाव सांगत लीज्ड लाइनचा. परवाना फुकट, पण माल परवडत नाही! दूरसंचार नियामकाने जून 2025 मध्ये मर्यादा घातली : 200 एमबीपीएसपर्यंतची जोडणी अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. निर्णय चांगला, पण योजना आल्यावर साडेचार वर्षांनी.

माझी मुख्य तक्रार मात्र दराची नाही. या नियमांना माणसं दोनच प्रकारची माहीत आहेत : विकणारा आणि विकत घेणारा. वाडीचा बचत गट उद्या पीएम-वाणीत जाऊ शकेल, कबूल. पण दुकानदार बनूनच. मग शेजाऱ्याने ॲप उघडायचं, ओळख द्यायची, डेटा घ्यायचा. चाळीस घरांनी मिळून स्वतःचं जाळं उभारायचं, स्वतःच सांभाळायचं आणि खर्च वाटून घ्यायचा, हा प्रकार त्या चौकटीत आखलेलाच नाही.

कुणी म्हणेल, अशा जाळ्याला जबाबदार कोण? स्पेनमधल्या कॅटलोनियात गुइफी-नेट नावाचं लोकांचं जाळं 2004 पासून चालू आहे. यंत्रं ज्याची त्याची, नियम सगळ्यांचे सारखे, आणि 2008 पासून एक नोंदणीकृत प्रतिष्ठान त्यामागे उभं आहे. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा मालकही तेच आणि ऊस घालणारेही तेच. हिशेब द्यायला नोंदणीकृत संस्था होतीच की.

2023 च्या दूरसंचार कायद्यात, कलम 3 मध्ये, सार्वजनिक हितासाठी परवानगीतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहे. म्हणजे नवा कायदा करायला नको, एक अधिसूचना पुरे. त्यात चार अटी घाला : संस्था नोंदणीकृत हवी, नफा वाटायचा नाही, घरांची संख्या मर्यादित हवी, आणि वापराच्या नोंदींसाठी एक माणूस जबाबदार हवा. नळपाणी योजना चालवणाऱ्या गावाला यातलं काहीच जड नाही.

दुकानदारासाठी सरकारने दार उघडलं, ते बरंच झालं. त्याच दारातून वाडीलाही आत येऊ द्या. फक्त गल्ला घेऊनच ये, असं म्हणू नका.