श्रम आणि अध्ययन : एका समीकरणाची तपासणी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यास क्रियाशील कसे करावे हा प्रश्न निघाला की सातारा जिल्ह्यात 'कमवा व शिका' योजनेचा दाखला हटकून दिला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढून ही योजना उच्च शिक्षणापर्यंत नेली. ज्याच्या घरी फीपुरता पैसा नाही त्याने राबून पदवी मिळवावी, ही घटना लहान नव्हे. तथापि योजनेचे श्रेय एक आणि तिच्या नावावर खपविला जाणारा सिद्धान्त दुसरा.

गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे मांडलेल्या नयी तालीममध्ये हस्तोद्योग हे ज्ञानाचे माध्यम होते; गणित टकळीच्या आधारेच शिकावयाचे होते. 'कमवा व शिका'मध्ये श्रम हे प्रामुख्याने शिक्षणाचे मोल होय. सकाळी कुदळ चालविणाऱ्या विद्यार्थ्याने दुपारी वर्गात प्राध्यापकांचे शब्द मुकाट वहीत उतरवावेत, यास योजनेची काही आडकाठी नाही. स्वावलंबन आणि क्रियाशील अध्ययन ही भिन्न मूल्ये आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधारित अध्ययनावर भर दिल्यानंतर तर, कामावरची हजेरी भरली की अध्ययन झाले, असे मानण्याचा मोह वाढण्याचा संभव आहे.

खंडाळा तालुक्यातील मराठीचा विद्यार्थी घ्यावा. उत्तरेस नीरा आणि दक्षिणेस खंबाटकी घाट यांमधील शेतकरी घरात तो वाढला असेल, तर पाभर, कुळव, शिवळ, मोटेचा नाडा आणि सोंदूर हे शब्द त्याच्या किंवा निदान त्याच्या आजोबांच्या तोंडी असतात. मोट गेली, पण शब्द अद्याप पुरते गेलेले नाहीत. असे असता बोलीविज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत तो वऱ्हाडी आणि अहिराणीची छापील उदाहरणे पाठ करून लिहितो. (सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे, तेथील सहलीचा वृत्तान्तही बहुधा पाठ्यपुस्तकातूनच उतरविला जातो.) दोष विद्यार्थ्याच्या आळसाचा नव्हे. आपल्या घरातील शब्द हे अभ्याससाहित्य होऊ शकते, असे त्यास कोणी सांगितलेले नसते आणि सांगितले तरी परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत.

पन्नास शब्द गोळा करून त्यांचे उच्चार नोंदविणे, शेजारच्या फलटणच्या उच्चारांशी ते ताडून पाहणे आणि आढळलेला भेद वर्गात मांडून त्यावरील आक्षेपांस उत्तर देणे, एवढे काम एका सत्रात होण्याजोगे आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विभागाच्याच हाती असतात. ते प्रथम येथे खर्च करावेत.